आजींच्या वडिलांची डिव्हिजन

शनिवार, १८ जून २०२२. मेडनहेड, आमचं घर. दुपारचा चहा.

हजर: मी. माझा नवरा. आजी, वय पंच्याऐंशी, युक्रेनच्या पूर्वेकडच्या कोळसापट्ट्यातून युद्धामुळे इथे आलेल्या. आजींची लेक, माझ्याच वयाची, तिकडे शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी. एक करडं मांजर.

गैरहजर: आमची मुलगी, शिकायला ब्रिस्टलला, तिचीच खोली आम्ही पाहुण्यांना दिली होती. आजींचा नातू, म्हणजे लेकीचा मुलगा, सैन्यात.

कुठलीही नोंद मी अशीच करते. हॉस्पिटलात ऑपरेशनच्या तारखा लावायचं माझं काम आहे. कोण आलं, कोण आलं नाही आणि काय राहिलं, हे लिहिल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. या दोघींसाठी मी आठवडाभर आधीच खोली लावून ठेवली होती. कप्प्यांवर दोन भाषांत चिठ्ठ्या, बॉयलर कसा चालवायचा त्याची चित्रं, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायची वेळ, बसचा नकाशा. मांजर येणार आहे हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता हिचीही अपॉइंटमेंट लाव," नवरा म्हणाला.

"तिची नाही, त्याची," मी म्हटलं. मांजर बोका होता. तोवर तो सोफ्याखाली गेलेला होता.

आजींनी चहाला हात लावला नाही. त्या उठल्या आणि आमच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे बुद्धाच्या छोट्या मूर्तीच्या वर माझ्या वडिलांचा फोटो आहे. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटला दिवा, चेहऱ्यावर पाळी सुटल्यानंतरची काजळी. आजींनी काचेवर बोट ठेवलं ते बरोबर त्या दिव्यावर. एक शब्द म्हणाल्या. मी फोन पुढे धरला. फोन म्हणाला, "खाणकामगार?"

"हो," मी मराठीतच म्हटलं. "माझे वडील. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत टिंबर मिस्त्री होते. खाली छत कोसळू नये म्हणून लाकडी टेकू लावायचे."

फोनने ते त्यांच्या भाषेत ऐकवलं. त्यानंतर आजी जे बोलायला लागल्या त्याच्यामागे फोनला धावता येईना. लेकीने कपाळाला हात लावला.

"तिचे वडीलही खाणकामगार होते," ती मला इंग्रजीत म्हणाली. "आता ती थांबणार नाही. सॉरी."

"काय म्हणतायत?"

"माझी तक्रार करतेय. घर सोडताना एकच बॅग घेता येत होती. म्हणतेय, हिनं मांजर आणलं आणि माझा बाप भिंतीवरच ठेवून आली."

"आणि तू काय म्हणालीस?"

"तेच, जे तेव्हाही म्हणाले होते. मांजर जिवंत होतं."

त्या दिवशी मी याची नोंद केली नाही. लिहून ठेवायला हवं असं काही घडलंय, हे तेव्हा कळलंच नाही.

*

आजींना वडिलांचं फार थोडं आठवत होतं. वडील गेले तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. तरी जे होतं ते त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या, आणि मी भाकरी थापत असले की विशेष. भाकरीचं त्यांना अप्रूप होतं. ओट्याशी स्टुलावर बसून त्या बघायच्या, मध्ये फोन ठेवलेला असायचा.

एकदा त्यांनी विचारलं, "तुझे वडील खाली जेवायला काय न्यायचे?"

"पोळी, भाजी, कांदा."

"आणि घरी परत काय आणायचे?"

फोनचं भाषांतर चुकलं असावं असं मला वाटलं. मग लक्षात आलं आणि हात थांबले. वडील डब्यात नेहमी अर्धी पोळी ठेवून घरी आणायचे. भावात आणि माझ्यात त्या अर्ध्या पोळीसाठी मारामारी व्हायची. घरात ताज्या पोळ्या असायच्या, तरी आम्हाला तीच हवी असायची. तिला खाणीचा वास असायचा, ओल्या कोळशाचा आणि तेलाचा.

"आमच्याकडे ब्रेड," आजी म्हणाल्या. "वडील म्हणायचे, खाली एक ससा राहतो, त्यानं तुझ्यासाठी दिला. फोटो सोडला तर मला वडिलांचा चेहरा आठवत नाही. ससा आठवतो."

ससा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पण त्या बरोबर बोलत होत्या.

वडील गेले ते वर्ष दुसऱ्या महायुद्धाचं होतं. जर्मन फौजा त्यांच्या भागाकडे येत होत्या, तेव्हा सोव्हिएत सैन्याने तिथल्या खाणींमधून एक पायदळ डिव्हिजन उभी केली. जवळजवळ सगळे खाणकामगार. आजींच्या आईने त्यांना सांगितलं होतं की पाळीच्या पाळीच भरती झाली. ज्यांनी एका थरात एकत्र कोळसा काढला, ते एकाच तुकडीत. गणवेश पुरले नाहीत, म्हणून काही जण खाणीतल्या काळ्या कपड्यांतच उभे राहिले. वडील सकाळी ब्रेड बांधून पाळीला गेले आणि त्या आठवड्यात परत आले नाहीत. नंतर एकदाच आले, बायकोमुलीचा निरोप घ्यायला.

पुढे कागद आला. तो मृत्यूचा नव्हता. त्यावर लिहिलं होतं की माणूस बेपत्ता आहे, काही वार्ता नाही.

त्या तुकडीतला एक जण, वडिलांच्याच पाळीतला, एक हात गमावून परत आला होता. शेजारीच राहायचा. आजी त्याच्याकडून ऐकलेली गोष्ट सांगायच्या आणि ती सांगताना नेहमी हसायच्या.

डिव्हिजनला पहिला हुकूम मिळाला तो खंदक खणायचा. खणायचं म्हटल्यावर हे लोक खूश. हे काम तर येतं! खणू लागले ते थांबेचनात. खांद्याच्या वर गेले, डोक्याच्या वर गेले. मग सवयीने बाजूंना फळ्या ठोकल्या, टेकू लावले, वरून लाकूड टाकून छतही केलं. अधिकारी आला तर मैदानात माणूसच दिसेना. त्याने खाली डोकावून विचारलं, "तुम्ही इथे लढायला आलात की कोळसा काढायला?" खालून कुणीतरी म्हणालं, "साहेब, कोळसा लागला तर कळवतो." एवढ्या खोलातून गोळी झाडायची कशी? बाहेर दिसतच नव्हतं. मग रात्रभर खपून तीच माती परत आत टाकली आणि उभं राहायला पायरी केली.

"माझे वडील बुटके," आजी म्हणायच्या. "त्यांना पायरीवर अजून एक पायरी लागली."

मला हे खोटं वाटायचं कारण नव्हतं. आमच्या क्वार्टरच्या अंगणात पेरूचं रोप लावायचं ठरलं, तेव्हा माझ्या वडिलांनी असाच खड्डा केला होता. कमरेइतका, चारी बाजू सरळ, आत दोन फळ्या आडव्या. आई ओरडली, "अहो, पेरू लावायचाय, आपल्याला पुरायचं नाहीये!"

*

लेकीला या गोष्टी आवडत नसत. सुरुवातीला मला वाटलं, ती कंटाळते. आपल्या घरचेही कंटाळतात.

पुढच्या वर्षी मे महिन्यात कारण कळलं. दुसरं महायुद्ध संपल्याचा दिवस जवळ आला होता. आजींनी आमच्या बुद्धमूर्तीशेजारी मेणबत्ती लावायची का म्हणून विचारलं. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. त्यांनी एक कागदही ठेवला. वडिलांचं नाव आणि खाली डिव्हिजनचं. फोटो नव्हता, म्हणून कागद.

लेक कामावरून आली. ती आता इथल्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. तिने कागद उचलला, घडी केली आणि खिशात घातला. मेणबत्ती तशीच राहू दिली.

मायलेकी भांडत होत्या त्यातलं मला अक्षर कळत नव्हतं. मी भात लावला. थोड्या वेळाने लेक स्वयंपाकघरात आली.

"तुला वाटत असेल मी दुष्ट आहे."

"मला काही वाटत नाही. मला भाषा येत नाही."

"आजोबांचं नाव असू दे. पण ती डिव्हिजन सोव्हिएत सैन्याची होती. आज आमच्यावर बॉम्ब टाकणारे त्याच सैन्याचे झेंडे घेऊन मिरवतात. म्हणतात, तो विजय आमचा, म्हणून तुमची जमीनही आमची. माझा मुलगा तिथे त्यांच्यासमोर उभा आहे. मी इथे त्याच नावापुढे मेणबत्ती लावू?"

आजी दारात येऊन उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण बोलणं कशाचं आहे ते समजलं होतं. त्यांनी फोन माझ्याकडे केला. "हिला सांग, माझा बाप कुठल्याही परेडमध्ये नव्हता. खाणीतून वर आला आणि खंदकात गेला. बस."

"बस" हा मराठी शब्द त्या माझ्याकडून शिकल्या होत्या. तो मात्र त्यांनी फोनशिवाय म्हटला.

*

त्या हिवाळ्यात आजींचे पाय सुजू लागले. जिना चढताना दम लागायचा. तपासण्या झाल्या. हृदय थकलं आहे, औषधांनी काही काळ निघेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी औषधांचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणला. नर्सची भेट गुरुवारी ठरवली.

सगळं लावून झालं तेव्हा आजींनी मला जवळ बसवलं. लेक घरी नव्हती.

"तू सगळं लिहून ठेवतेस. हेही लिही. मला जाळायचं नाही, पुरायचं."

मी लिहिलं.

"दगडावर माझं पूर्ण नाव. इथल्या लोकांनी मधलं नाव टाकून दिलंय."

हे खरं होतं. त्यांच्याकडे आपल्यासारखंच मधलं नाव वडिलांचं असतं. पण पासपोर्टवरच्या इंग्रजी अक्षरांत ते येत नाही, म्हणून इथल्या एकाही कागदावर ते नव्हतं. जीपीकडे नाही, कौन्सिलकडे नाही. माझ्या वडिलांचं नाव इथे माझ्याही निम्म्या कागदांवरून गळून गेलं आहे. मी कधी तक्रार केली नव्हती.

"आणि त्याखाली डिव्हिजन," आजी म्हणाल्या. "वडिलांना कबर नाही. त्यांच्या पाळीतल्या कुणालाच नाही. आमच्या गावाबाहेर टेकडीवर डिव्हिजनचं एक स्मारक होतं, त्यावर तीन ओळी होत्या. त्याच हव्यात. दरवर्षी जाऊन वाचायचे. आता दोनच आठवतात. तिसरी येत नाही."

मग त्या डोळे मिटून ओठ हलवत राहिल्या. तिसरी ओळ आली नाही.

ते गाव आता पलीकडच्या फौजेच्या ताब्यात आहे. स्मारक आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

मी लेकीला सांगितलं. लपवून ठेवायचं ते काही नव्हतं. ती बराच वेळ कप धूत राहिली. एकच कप.

"पूर्ण नाव लिहू. डिव्हिजन नाही."

"त्यांना तेच हवंय."

"मला माहीत आहे तिला काय हवंय. मी चौपन्न वर्षं तिची मुलगी आहे. तू दोन वर्षं यजमान आहेस."

बरोबर होतं तिचं. मी कप पुसून ठेवला.

*

नातू रविवारी दुपारी फोन करायचा, जमेल तेव्हा. चित्र हलायचं, तुटायचं. लेक आधी त्याचा चेहरा नीट बघून घ्यायची, मगच बोलायची. माझ्या चिठ्ठ्यांविषयी त्याला आईने सांगितलं होतं, त्यामुळे मी दिसले की तो सॅल्यूट करायचा. "कमांडर, घरात शिस्त आहे ना? बोक्याच्या ताटलीवर चिठ्ठी लावलीत?"

"लावली आहे," मी म्हणायचे. आणि खरंच लावली होती.

त्या वसंतात एका रविवारी तो म्हणाला की सध्या खणायचं काम आहे, खणून खणून हात सुजलेत. आजी पलंगावर ताठ बसल्या. त्यांनी लेकीच्या हातातून फोन घेतला आणि नातवाला झाडायला सुरुवात केली. लेक मला भाषांतर करून सांगू लागली. रागात होती, पण सांगत होती.

"म्हणतेय, जास्त खोल जाऊ नकोस. तुझ्या पणजोबांनी तीच चूक केली. पायरी ठेव. बाहेर दिसलं पाहिजे."

पलीकडे नातू हसला. मग तो जे बोलला ते लेकीने आधी पूर्ण ऐकून घेतलं आणि हळूहळू मला सांगितलं.

"म्हणतोय, आजी, आता वरून ड्रोन येतात. आता खोलच जायचं. बाजूंना फळ्या, वर लाकडाचं छत, त्यावर माती. जो उथळ खणतो तो मरतो. तुझे लोक चुकले नव्हते, फक्त फार लवकर आले. ते आत्ता माझ्या तुकडीत हवे होते."

आजींनी फोन छातीशी धरला. नातवाला त्यांच्या स्वेटरशिवाय काही दिसत नसणार. "ऐकलंस?" त्या लेकीला म्हणाल्या. एवढं मलाही कळलं.

लेकीने फोन परत घेतला. दगडावर डिव्हिजन लिहायची गोष्ट तिने स्वतःच काढली, बहुधा मुलाने आपली बाजू घ्यावी म्हणून. त्याने घेतली नाही.

"आई, लिही ते," तो म्हणाला. पुढचं मला समजावं म्हणून इंग्रजीत बोलला. "तो माझा पणजोबा आहे. त्यांचा नाही. त्यांनी झेंड्यावर घेतलं म्हणून आपण त्याला देऊन टाकायचं?"

लेकीने फोन टेबलावर टेकवून ठेवला.

"शाळेत असताना मी त्या स्मारकाचा फोटो काढला होता. जुन्या फोनमध्ये आहे. फोन मित्राकडे ठेवलाय. सुट्टी मिळाली की त्याच्याकडे जातो आणि पाठवतो. तिन्ही ओळी. कमांडर, तुमच्या यादीत लिहा: मजकूर, माझ्याकडून."

मी लिहिलं.

फोन बंद झाल्यावर लेक मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा होता. आजींच्या पायांवरचं पांघरूण नीट करत ती म्हणाली, "ठीक आहे. त्यानं पाठवलं की लावू."

आजींनी तिच्या हातावर हात ठेवला. आमच्या घरात त्या दोघींना भांडण नसताना एकमेकींना हात लावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

उन्हाळ्यात त्याचे फोन कमी झाले. सुट्टी पुढे गेली, मग अजून पुढे. सप्टेंबरमध्ये फोन थांबले. ऑक्टोबरमध्ये लेकीला त्याच्या तुकडीतून कळवलं गेलं. मी कामावर होते. एरवी ती मला कामावर कधी फोन करत नाही; त्या दिवशी केला आणि एकच शब्द सांगितला. बेपत्ता.

मी घरी आले. ती जिन्यावर बसली होती.

"आईला सांगायचं नाही," ती म्हणाली. "तिचं हृदय हे सोसणार नाही."

"त्या दर रविवारी विचारतात."

"मी सांगेन, नेटवर्क नाही."

नेटवर्क नाही, असं पुढचे दोन रविवार सांगितलं. तिसऱ्या रविवारी आजींनी विचारलंच नाही. चौथ्याही नाही. लेकीला वाटलं, विसरायला लागल्या. नर्सलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, या टप्प्यावर होतं असं. मीही तसंच लिहून ठेवलं.

नोव्हेंबरात एका सकाळी लेक शाळेत गेली होती. मी घरून काम करत होते. आजींना ताक हवं होतं. ते घेऊन त्यांच्यापाशी बसले, तेव्हा त्यांनी स्वतःच फोन पुढे ओढला.

"माझ्या आईनं मला तो कागद दाखवला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी रोज विचारायचे, बाबा कधी येणार. ती म्हणायची, पाळी लांबली आहे. मग एकदा मला आपोआपच कळलं. कुणी सांगितलं नाही. आईचा हात बघून कळलं. ब्रेड कापताना ती तिसरा तुकडा कापेनाशी झाली होती."

मी ताकाचा पेला त्यांच्याजवळ सरकवला. बोलले असते तर फोनने ते भाषांतर केलं असतं.

"माझ्या मुलीला सांगू नकोस मला कळलंय ते. तिला वाटू दे की ती मला सांभाळतेय. त्यानं तिला थोडं बरं वाटतं. मी तेच केलं होतं, आईसाठी. विचारायचं बंद केलं."

त्या ताक प्यायल्या. मिशीसारखं पांढरं लागलं ते मी पुसलं. मग त्या मराठीत म्हणाल्या, "बस."

त्यानंतर घरात दोघी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत राहिल्या आणि मी दोघींची औषधं वेळेवर देत राहिले. लेकीला झोपेच्या गोळ्या लागत होत्या. नवरा एकदा म्हणाला, "अगं, एकदा दोघींना समोरासमोर बसव ना. तू तर सगळ्यांच्या मीटिंगा लावतेस." मी म्हटलं, "ही मीटिंग माझी नाही." त्यावर तो मांजराला खायला घालायला उठला.

*

आजी फेब्रुवारीत गेल्या. घरीच, सकाळी, लेक शेजारी होती.

पुढचं सगळं मी केलं, कारण तेवढंच मला येतं. डॉक्टर, मृत्यूची नोंद, कौन्सिलच्या कबरस्तानात जागा, रेडिंगहून पाद्री. नोंद करणाऱ्या बाईंना मी मधल्या नावाचं सांगितलं. पासपोर्टवर नाही म्हणून त्या अडखळल्या, पण लेकीने जन्माचा जुना दाखला पुढे केला. इंग्लंडमधल्या कुठल्याही कागदावर आजींच्या वडिलांचं नाव पहिल्यांदा उमटलं ते असं.

पाऊस नव्हता, वारा होता. आमची मुलगी ब्रिस्टलहून आली होती. पाद्रींचं झाल्यावर लेकीने मला विचारलं, तुमच्याकडचं काही म्हणतेस का? आजी आमच्या पौर्णिमेच्या वंदनेला बसायच्या, शब्द कळत नसले तरी. मी त्रिशरण म्हटलं. मी जिथे अडखळले तिथून पुढे माझ्या मुलीने म्हटलं, तिच्या इंग्रजी वळणाच्या उच्चारांत, पण चुकली नाही.

मग सगळ्यांनी माती टाकली.

सध्या तिथे लाकडी पाटी आहे, तात्पुरती. माती बसायला वेळ द्यावा लागतो, दगड लगेच लावता येत नाही. तो वेळ कधीच होऊन गेला. दगड कोरणाऱ्यांकडे मी आणि लेक दोघी गेलो होतो. करडा ग्रॅनाइट तिने निवडला. आजींचं नाव, मध्ये वडिलांचं नाव, हे ठरलं. कोरणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "आणि खाली?" लेक म्हणाली, "तीन ओळी आहेत. माझा मुलगा पाठवणार आहे."

त्या गृहस्थांनी वहीत लिहिलं: मजकूर मुलाकडून.

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. जुन्या स्मारकांचे फोटो गोळा करणारे हौशी लोक जगभर असतात. चहा गार व्हायच्या आत मला ते सापडलं. टेकडी, त्यावर चौकोनी खांब, पायथ्याशी कोरलेल्या तीन ओळी, स्वच्छ वाचता येण्यासारख्या. फोटो आत्ताच्या युद्धाच्या आधीचा होता. मी फोनमध्ये भाषांतर करून बघितलं. तिसरी ओळ, जी आजींना आठवत नव्हती, ती सगळ्यात साधी होती.

मी धावतच वर गेले. दार उघडंच होतं. लेक पलंगावर बसली होती, मांजर मांडीवर.

"सापडलं," मी म्हटलं. "तिन्ही ओळी आहेत. हे बघ."

तिने स्क्रीनकडे पाहिलं नाही. हाताने लॅपटॉपचं झाकण खाली केलं, हळूच, माझं बोट अडकणार नाही असं.

"नाही."

"अगं, तेच आहे. तुमच्याच टेकडीवरचं."

"असेल. तो पाठवणार म्हणाला आहे."

मी उभी राहिले. मला ते सगळं म्हणता आलं असतं जे व्यवस्थित माणसं म्हणतात. की दगड लावून घेऊ, तो आला की त्याला दाखवू. की आजींना वचन दिलं होतं. की त्यांच्या वडिलांना जगात कुठेच जागा नाही, आणि ही एवढी एक जागा आपल्या हातात आहे.

"मी दुसऱ्या कुणाचा फोटो घेतला," ती म्हणाली, "तर मी ठरवून टाकल्यासारखं होईल. मी नाही ठरवणार. माझ्या आजीनं, आईच्या आईनं, ठरवलं नव्हतं. ती मरेपर्यंत म्हणत होती, पाळी लांबली."

मांजराने डोकं वर केलं आणि परत ठेवलं. मी लॅपटॉप घेऊन खाली आले.

तो फोटो मी पुसलेला नाही. तिलाही ते माहीत आहे. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. ती दर रविवारी दुपारी फोन चार्ज करून टेबलावर ठेवते आणि शाळेतल्या प्रयोगांच्या तयारीचे कागद काढून बसते. मी तिथून उठत नाही. घरातलं दुसरं काम मी त्या वेळेला लावत नाही.

काल दगड कोरणाऱ्यांचा पुन्हा ईमेल आला. नम्र आहेत. विचारलंय, मजकूर मिळाला का, की वरच्या नावापुरतं काम सुरू करू? की अजून थांबू?

मी उत्तर लिहायला घेतलं. त्यांचं नाव, नमस्कार, आणि त्याखाली रिकामी जागा. लेकीला विचारायचं आहे. विचारलेलं नाही. उत्तर अजून पाठवायचं आहे.